दातांत धरलेली सळई

पाणीखात्याच्या हजेरीपटावर त्याचं नाव होतं, पण त्या नावानं कुणी हाक मारली असती तर तो स्वतःच इकडंतिकडं बघत राहिला असता. सगळं खातं त्याला कानसेन म्हणायचं. साहेबसुद्धा. आणि हे नाव कुणी चेष्टेनं ठेवलेलं नव्हतं बरं का, सव्वीस वर्षं राबून कमावलेलं होतं.

काम म्हटलं तर सोपं. रस्त्याखालचा नळ कुठं फुटलाय ते ऐकून सांगायचं. बघून नाही, ऐकून. पाणी वर येऊन रस्ता भिजला तर ते कुणालाही दिसतं, त्याला कानसेन कशाला हवा? पण गळणारं पाणी पुष्कळदा वर येतच नाही. खालच्या खाली मुरून जातं, आणि वरच्या मजल्यावरच्या बायका कोरड्या नळाखाली बादली ठेवून खात्याच्या नावानं बोटं मोडत बसतात. अशा वेळी आमचा हा गृहस्थ सायकलला सळई बांधून निघायचा. छातीएवढी उंच लोखंडी सळई, वरच्या टोकाला लाकडाची छोटी वाटी. खालचं टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं, वाटी उजव्या कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग खडूची फुली मारायची. मुकादमाची माणसं तिथं खणायची आणि हातभर इकडंतिकडं पाणी लागायचंच.

कुणी विचारलं की तो रंगात येऊन सांगायचा, "हे बघा, फटीतून पाणी जोरानं सुटलं की सूं करतं. पण आवाजाला चालायला काहीतरी लागतं ना! पाणी मिळालं तर पाण्यातून धावतो. लोखंड मिळालं तर विचारूच नका, उधळतो. माती मात्र त्याला चावून खाते. आणि मातीतून वर येऊन हवेत शिरायचं म्हटलं की त्याच्या जिवावर येतं. म्हणून तुम्ही रस्त्यावर उभं राहून कितीही कान टवकारा, काही कळायचं नाही. मी सळई लावतो म्हणजे काय करतो? त्याला लोखंडाची वाट करून देतो. बाकी माझी करामत काही नाही."

शेवटचं वाक्य तो नम्रपणे म्हणायचा, पण ते खरं मानणाऱ्यावर मनातून चिडायचा.

तर असा हा माणूस. वय एक्कावन्न. आणि त्या वर्षी त्याला सर्दी झाली.

सर्दी कुणाला होत नाही? आठ दिवस नाक वाहिलं, घसा धरला, मग सगळं गेलं. उजवा कान तेवढा मागं राहिला. कुणी बोळा कोंबून ठेवावा तसा बंद. जेवताना स्वतःच्या चावण्याचा आवाज डोक्यात खडी फोडल्यासारखा, स्वतःचं बोलणं रिकाम्या टाकीत तोंड घालून बोलल्यासारखं, आणि बाहेरचं जग मात्र भिंतीपलीकडं. आज सुटेल, उद्या सुटेल करत महिना गेला, दुसरा गेला. तिसरा लागला तेव्हा मात्र तो हबकला. कारण डावा कान रस्ता फोडायच्या यंत्राशेजारी उभं राहून राहून कधीच अर्धा झालेला होता. जी काही मिळकत होती ती उजव्याची.

त्यात वडिलांचं उदाहरण डोळ्यांसमोर. वडील मागावर कामाला होते, बावन्नाव्या वर्षी ठार बहिरे झाले. त्यांच्यात आणि ह्याच्यात एक वर्षाचं अंतर! रक्तातच आहे म्हणायचं, दुसरं काय. त्यानं मनाशी ठरवून टाकलं की आपणही बहिरे होणार. एकदा ठरवल्यावर डॉक्टरकडं जाण्यात अर्थ नव्हता. डॉक्टर काय करणार, कागदावर लिहिणार. आणि कागदावर आलं की ते खात्यात जाणार, खात्यात गेलं की सळई काढून घेणार आणि तक्रारखिडकीमागं खुर्ची देणार. जन्मभर ऐकून घ्यायचं काम, आणि तेही ऐकू येत नसताना!

म्हणून तो लपवू लागला. आता तुम्हीच सांगा, कान का लपवता येतो? पण माणसाची युक्ती बघा. त्यानं बोलणंच सोडलं. कुणाशी बोललंच नाही तर उत्तर ऐकायचा प्रश्न येतो कुठं? घरी आला की भिंतीकडं तोंड करून पडायचा. बायको काही म्हणाली की "हं." दोनदा म्हणाली की "बरं." मुलगी लग्न होऊन दूर गावी, घरात ही दोघंच. एकदा बायकोनं विचारलं, "अहो, तुमचं माझ्यावर काही रागावणं आहे का?" त्यानं उत्तर दिलं, "बरं." बिचारी उठून आत गेली.

कामावर जुन्या अनुभवावर, अंदाजानं फुल्या मारून कसंबसं निभावलं. आणि मग व्हायचं तेच झालं.

शहराच्या चढावरच्या एका गल्लीत वरच्या मजल्यांना पाणी चढेना. कानसेन गेला. सकाळची शांत वेळ, रहदारी नाही. एक व्हॉल्व्ह, दुसरा, तिसरा, सगळीकडं मेल्यासारखं. शेवटी शिंप्याच्या दुकानासमोरच्या वळणावर त्याला काहीतरी लागलं. बारीक, जाडसर, पण लागलं. इतक्या वेळानं काहीतरी ऐकू आलं ह्याचाच त्याला एवढा आनंद झाला की त्यानं पुढं विचार केला नाही. मारली फुली.

मुकादमाच्या माणसांनी गल्ली फोडली. छातीइतकं खणलं. नळ निघाला, ठणठणीत. माती कोरडी, मुठीत धरली तर उडून जाईल अशी. मुकादम खड्ड्यात उतरला, नळावर हात ठेवला आणि वर बघून म्हणाला, "अरे कानसेन, इथं वळणावर हवा अडकलीय. गुडगुड करतेय ती हवा. तू हिला गळती समजलास?"

हवेची गुडगुड आणि गळतीची सूं! पहिल्या आठवड्यात उमेदवारालासुद्धा शिकवतात ती गोष्ट. नळात हवेचा बुडबुडा अडकला की पाणी त्याच्याखालून गुळण्या करत जातं, तो आवाज जाडा. गळतीचा आवाज बारीक आणि धारदार. कानसेनाच्या कानात बारीक काही शिरतच नव्हतं, जाडं तेवढं कसंबसं पोचत होतं, आणि त्यालाच तो बिलगला होता. शिंपी दुकानाच्या पायरीवर उभा राहून खड्ड्याकडं बघत होता. त्याच्या गिऱ्हाइकांना आत यायला वाट राहिली नव्हती. कानसेनाला वाटलं, ह्याच खड्ड्यात आपल्याला लोटून वरून माती घालावी.

साहेब तरुण होते, पण वाईट नव्हते. त्यांनी त्याला बसवून घेतलं. कागदावरच लिहून दाखवलं, ह्याचा अर्थ त्यांच्या लक्षात आलं होतं. लिहिलं होतं: कानांची तपासणी करून पुढच्या शुक्रवारी दाखला आणा. तोवर सळई चालवू नका.

त्यानं सळई मात्र खात्यात ठेवली नाही. घरी आणली. पलंगाखाली सरकवताना बायकोनं बघितलं.

रविवारी उजाडताच तो घराबाहेर पडला, त्याच गल्लीत. का, तर हट्ट. दुसरं कारण नाही. नोकरी जायची तर जाऊ दे, पण शेवटची फुली चुकीची राहता कामा नये. त्यानं व्हॉल्व्हच्या खड्ड्यात सळई उभी केली, वाटी कानाला लावली. काही नाही. पुन्हा लावली. काही नाही. तेवढ्यात खड्ड्याचं जड लोखंडी झाकण, जे त्यानं एका बाजूला कलतं करून ठेवलं होतं, ते घसरायला लागलं. दोन्ही हात त्यानं झाकणाला लावले. आता सळई पडणार! हात रिकामा नाही. माणूस काय करेल? त्यानं तोंड पुढं केलं आणि वाटीखालचा सळईचा गळा दातांत पकडला.

आणि तो जागच्या जागी थिजला.

सूंऽऽ.

बारीक, धारदार, स्वच्छ. जशी सव्वीस वर्षं ऐकली होती तश्शीच. आणि कुठं? उजव्या कानात! जो कान गेला म्हणून तो तीन महिने सुतकात बसल्यासारखा बसला होता, नेमका त्याच कानात!

त्यानं दात सोडले. आवाज गेला. पुन्हा चावले. आला. "अरेच्चा!" असं तो चक्क मोठ्यानं म्हणाला, म्हणजे म्हणायला गेला, पण तोंडात लोखंड असल्यामुळं भलतंच काहीतरी बाहेर पडलं. समोरून एक आजी कुत्र्याला फिरवत येत होत्या, त्या कुत्र्यासकट पलीकडच्या बाजूला गेल्या. त्यांचं काय चुकलं? उजाडताच रस्त्यात गुडघे टेकून लोखंड चावणारा माणूस बघितल्यावर मीही पलीकडं गेलो असतो.

पण त्याला आता कशाची शुद्ध होती! झाकण नीट बसवलं, पुढच्या व्हॉल्व्हवर गेला, सळई शर्टाला पुसली, चावली. आवाज मोठा झाला. त्याच्या पुढच्यावर आणखी मोठा. त्यानंतरच्यावर पुन्हा लहान. म्हणजे गळती ह्या दोन्हींच्या मधे. मग रस्त्यावरच पावला-पावलानं सळई टेकवत, वाकत, चावत तो उतारानं गेला. शिंप्याच्या दुकानापासून चाळीस पावलं खाली, दवाखान्याच्या कुंपणाजवळ, दातांना मुंग्या आल्या. तिथं त्यानं फुली मारली. घाईत ती फुली कमी आणि कोंबडीचा पाय जास्त दिसत होती.

सोमवारी तो मुकादमाला कोपऱ्यात घेऊन गेला. सगळं सांगितलं. कानाचंसुद्धा. तीन महिन्यांत पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. मुकादमानं इकडंतिकडं बघितलं. मग त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "दातांनी?"

"दातांनी."

"साहेबांनी तुला सळई चालवायला बंदी केलीय."

"मी चालवली नाही. चावली."

मुकादम हसला. पण हसून झाल्यावर त्याचा चेहरा गंभीर झाला. एक खड्डा कोरडा गेलेला, दुसरा गेला तर जबाब त्याला द्यायचा होता. आपल्याला जे ऐकू आलं ते खरंच आलं, की आशेनं आलं, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नव्हतं. मुकादमानं टोपी सारखी केली आणि माणसांना हाक मारली, "चला रे, दवाखान्यापाशी."

गुडघाभर खणलं, माती कोरडी. मांडीपर्यंत, कोरडी. कानसेन कुंपणाला पाठ लावून उभा होता, त्याला बघवेना. मग एका माणसाची कुदळ चिखलात रुतली, आणि त्यानं ओढून काढताच त्या जागी पाणी भरलं. मुकादम ओरडला म्हणतात. कानसेनाला ते ऐकू आलं नाही, पण सगळ्यांची तोंडं त्याच्याकडं वळलेली दिसली, आणि त्याला कळलं.

त्या संध्याकाळी त्यानं बायकोला सांगितलं. पलंगावर बसून, खाली मान घालून, पहिल्यापासून. शेवटी ती त्याच्या समोर येऊन उभी राहिली आणि हातानंच खूण केली, उद्या, डॉक्टर. त्यानं मान हलवली. आता भिण्यासारखं वेगळं होतं. कान मेला असता तर मेला म्हणून मोकळं होता आलं असतं. पण जो कान दातांतून ऐकतो आणि भोकातून ऐकत नाही, त्याला झालंय तरी काय? आणि समजा डॉक्टर म्हणाले की हे असंच राहणार, तर? दातांत सळई धरून माणूस किती दिवस नोकरी करणार, आणि बायकोशी बोलताना काय चावणार?

कानाच्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी आधी एक चिमटा काढला, चिमटाच तो, दोन पायांचा, टेबलाच्या कडेवर आपटला की किणकिणणारा. तो उजव्या कानासमोर धरला. काही नाही. मग त्याचा दांडा त्याच्या कपाळाच्या मधोमध टेकवला आणि खुणेनं विचारलं, कुठल्या बाजूला?

त्यानं उजव्या कानाला बोट लावलं.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा एकदम सैलावला. त्या डाव्या कानाशी वाकून, सावकाश बोलल्या, "तुमच्या कानाची नस शाबूत आहे. उत्तम आहे."

"मग?"

"कानाचा पडदा माहिताय ना? पडद्याच्या बाहेर हवा आणि आतल्या खोलीतही हवा, असं असावं लागतं. दोन्हीकडं हवा, तरच पडदा हलतो. आतल्या खोलीत हवा येते नाकाच्या मागच्या बारीक नळीतून. सर्दीत तुमची ती नळी बुजली. होती ती हवा शोषली गेली आणि खोलीत पाणी झिरपून भरलं. आता हवेतून आलेला आवाज पाण्यावर आपटला की काय होतं? बहुतेक सगळा परत फिरतो. आत जातच नाही."

हा माणूस खुर्चीत ताठ बसला. ही भाषा त्याची होती.

"पण दातांतून..."

"दातांतून हाडात, हाडातून थेट सगळ्यात आतल्या कानात. तो कान मुळातच पाण्याचा. तिथं पाणी हवंच. तुमचं पाणी भलत्या खोलीत शिरलंय, एवढंच."

"म्हणजे," तो म्हणाला, "म्हणजे गळती माझ्याच डोक्यात होती?"

"तसंच म्हणा."

पण त्या लगेच हसल्या नाहीत. ह्या वयात एकाच कानात पाणी राहिलं तर नळीच्या तोंडाशी काही वाढलंय का ते बघावं लागतं, असं त्यांनी सरळ सांगितलं. नाकातून बारीक दुर्बीण घातली. ते अर्धं मिनिट त्याला तीन महिन्यांहून मोठं गेलं. डोळ्यांतून पाणी, नाकात आग, आणि समोर डॉक्टरीणबाईंच्या कपाळावरची आठी. ती आठी हळूहळू उलगडली. "स्वच्छ आहे. काही नाही," त्या म्हणाल्या, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. मग म्हणाल्या, "पडद्याला टोचून पाणी काढते. दुखेल थोडं. नंतर कान कोरडा ठेवायचा, सर्दी अंगावर काढायची नाही."

कान बधिर करून त्यांनी सुई घातली. एक कळ आली, मग चिकट काहीतरी सुईच्या नळीत ओढलं गेल्याचा सुर्र असा आवाज झाला, आणि पुढच्या क्षणी त्याच्या डोक्यात खिडकी उघडली. पंख्याची घरघर. ट्रेमध्ये ठेवलेल्या कात्रीची खणखण. डॉक्टरीणबाईंच्या कोटाच्या बाहीची सळसळ, बाहीला आवाज असतो हे तो विसरूनच गेला होता! त्यानं दोन्ही हातांनी खुर्ची धरली. लगेच यंत्रावर तपासणी झाली. दाखल्यावर त्यांनी लिहिलं, कामाला योग्य. त्याला तो कागद धड घडी करता येईना, म्हणून त्यांनीच घडी घालून त्याच्या खिशात ठेवला.

तो बाहेर आला. बायको बाकावर बसली होती, दाराकडं पाठ. शेजारी कुणीतरी अनोळखी बाई होती, मुलाचा कान दाखवायला आलेली. बायको तिच्याशी अगदी हळू बोलत होती, दवाखान्यात बोलतात तसं. तो तिच्यामागं सहा पावलांवर होता.

"ऐकू नाही आलं तरी मी निभावून नेईन हो," ती म्हणत होती. "लिहून दाखवीन, खुणा करीन. त्याचं मला काही नाही. पण ते बोलायचेच थांबलेत. तीन महिने झाले. मला आधी वाटलं, माझंच काही चुकलं; मग लक्षात आलं, ऐकूच जात नाही. रात्री पडल्या पडल्या मी त्यांच्या पाठीशी बोलते, रोज. त्यांना कळत नाही म्हणून सगळं बोलून घेते."

तीन महिने त्यानं रस्त्याखाली चाळीस पावलांवरचा आवाज शोधला होता, आणि ही हातभर अंतरावर पाठीमागं रोज बोलत होती.

तो जाऊन तिच्याजवळ बसला. ती दचकून वळली आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "अहो, झालं का? ऐकू येतंय का काही?"

"येतंय," तो म्हणाला. "अगं, सगळं येतंय. हळू बोल."

तिनं तोंडावर पदर धरला. मघाचं ह्यानं ऐकलं की काय, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. त्यानं नाकबूल केलं नाही.

"पाठीशी काय काय बोलायचीस?" त्यानं विचारलं.

"काही नाही हो. असंच, दिवसभराचं."

"ते सांग. पहिल्या दिवसापासून सांग."

"इथं?"

"इथंच. मी कुठं जात नाही."

ती आधी रडली. मग नाक पुसून, अगदी खालच्या आवाजात, सांगायला लागली.